माणसं किती

आमच्या घराला दक्षिण नाही.
छपराचा एक उतार पूर्वेला, एक पश्चिमेला;
सासऱ्यांनी पत्रे टाकले तेव्हा त्यांना
फक्त बर्फ घसरवायचा होता.
दक्षिणेला तोंड आहे ते गोठ्याचं,
आणि गोठ्यात आता गाय नाही, रिकामी पिंपं आहेत.

"मग गोठ्यावर बसवू," तातूल म्हणाला.
माझाच विद्यार्थी. नकाशात काळा समुद्र
नेहमी कॅस्पियनच्या जागी काढायचा.
आता येघेग्नाद्झोरहून गाडीत काचेच्या नळ्या घालून
गावोगाव ऊन बसवून देतो.

एकतीस वर्षं भूगोल शिकवला.
बावीस डिसेंबर, भर दुपार, सूर्य सत्तावीस अंशांवर,
फळ्यावर लिहिलं आणि पुसलं.
यंदा पहिल्यांदाच काठी घेऊन अंगणात गेले.
मीटरभर काठी,
सावली दोन मीटरला दोन बोटं कमी.
बर्फावर कोळशाने रेघ ओढली.
खोटं शिकवलं नव्हतं म्हणायचं.

अक्रोडाची सावली मात्र पुस्तकात नव्हती.
पानं गळली तरी फांद्या असतातच;
दोन वाजल्यापासून गोठ्याच्या पत्र्यावर
फाटक्या जाळ्यासारख्या पडून राहतात.
ह्रान्त म्हणाला, फांदी तोडू.
मग म्हणाला, नको.
मग शिडी आणायला गेला
आणि शिडीशिवाय परत आला.

तातूलने वही उघडली.
"माणसं किती?"
"दोन," ह्रान्त.
"सात," मी.
एकाच वेळी.
तातूल कपातला कॉफीचा गाळ बघत बसला,
जणू आकडा तिथे निघणार होता.

सात कशी, ते सांगते.
धाकटा व्होरोनेझला, त्याची बायको, दोन पोरं.
थोरला क्रास्नोदारला, एकटाच.
येतात सगळे. जुलैच्या शेवटी येतात.
न्हाणीघराबाहेर रांग लागते,
आतून कोणीतरी ओरडतं, गार आलं, गार आलं!
बावीस दिवस.

"बाई," तातूल म्हणाला
(किंमत सांगतानाही तो एवढा हळू बोलला नव्हता),
"तेव्हा पाणी उकळेल. नळ्यांवर गोणपाट टाकावं लागेल.
अडचण जानेवारीची आहे.
सातांची टाकी घेतलीत तर जानेवारीत
तुम्हा दोघांना कोमट मिळेल.
नुसतं कोमट."

बाहेर उणे अकरा होतं.
आणि मला, एकतीस वर्षं ऋतू शिकवलेल्या बाईला,
आत्ता कुठे दिसलं
की ऊन आणि मुलं आमच्याकडे
एकाच वेळी येतात, एकाच वेळी जातात.
साठवायची सोय दोघांपैकी एकाचीच,
तीही एका रात्रीपुरती.

वही माझ्याकडे ओढून घेतली. जुनी खोड.
सात खोडले.
दोन लिहिले.
दोन बघवेनात.

भिंतीपलीकडे सातेनिकने बादली आपटली.
तिची गोवऱ्यांची चूल, शनिवारची अंघोळ.
पंधरा वर्षं तिचा धूर
आमच्या वाळत्या कपड्यांना लागतो,
आणि पंधरा वर्षं आमच्यात
त्यावरून झालेलं एक भांडण वाळत पडलंय.

तीन, लिहिलं मी.
टाकी दीडशे लिटर. पाईप चौदा मीटर, दुहेरी गुंडाळलेला.
नळ्यांत न गोठणारं पाणी.
एक नळ अंगणाच्या बाजूला, भिंतीलगत.
ह्रान्तने आकडा वाचला, मग मला वाचलं.
"म्हणजे फांदी तोडावीच लागणार," म्हणाला,
आणि या वेळी शिडी घेऊन आला.

मी भिंतीवरून हाक मारली.
सगळं सांगितलं: नळ्या, टाकी, शनिवार.
सातेनिक बराच वेळ गप्प.
बादली खाली ठेवली, हात पदराआड नेल्यासारखे
शालीत घेतले, वर आभाळाकडे पाहिलं.

"आणि शनिवारी ढग असले तर?"