चार इंच

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत मस्टर मी ठेवते.
पावणेआठला तारखेचा शिक्का, मग नावं:
नागव्वा हुदली, मंजुळा कंग्राळकर, जैबुन सनदी.
पुढच्या रकान्यात तिघींच्याही एकच शब्द.
हेल्पर.

एकदा कोअर शॉपमध्ये उभी राहून बघितलं
हेल्पर म्हणजे काय ते.
वाळूत रेझिन कालवायचं, साचा ठोकायचा, उलटायचा,
भट्टीत सरकवायचा, काढायचा, कानशीनं कड घासायची,
मग डोळे मिटून बोट फिरवायचं. चीर बोटालाच कळते.
पंपाच्या पोटातून जिथून पाणी वाहतं
ती पोकळी या बायका हातांनी घडवतात.
मदत कुणाला करतात
ते काही दिसलं नाही.

पाटी कुठल्या भाषेत असावी
यावरून या गावात दगड उडालेत, डांबर फासलंय.
हा शब्द मात्र मराठीत, कन्नडात, इंग्रजीत
तस्साच.
याला कुणी डांबर लावलं नाही.

होसमनी सर म्हणाले, मोठा साचा त्यांना उचलत नाही, बाई.
ऑपरेटर कसं लिहायचं?

उचलत नव्हता, हे खरं.
टेबल बांधलं तेव्हा मापाला इराण्णा उभा होता,
पाच फूट नऊ इंच.
त्याच्या कमरेला जे येतं
ते नागव्वाच्या बरगडीला लागतं.

स्टोअरमधून टेप आणली, तिघींची कोपरं मोजली.
नागव्वा हसली, "एनव्वा, ब्लाउज शिवतीस काय?"
फरक निघाला चार इंच.

अर्ज केला नाही. अर्जावर बैठक होते.
मेंटेनन्सची पिवळी चिठ्ठी भरली: टेबल डुगडुगतंय.
डुगडुगत नव्हतं.
पण "चौदा वर्षं उंच आहे" असं लिहायला
त्या चिठ्ठीत रकाना नसतो.

बसाप्पानं ग्राइंडर लावला.
ठिणग्या उडाल्या, चहा निवायच्या आत
चारही पाय कापून झाले.
मंजुळानं मोठा साचा धरला, उलटला,
आणि काहीच झालं नाही.
म्हणजे साचा उलटला, एवढंच.

महादेव कुरकुरला, माझी पाठ धरते आता.
खिडकीजवळचं टेबल उंचच ठेवलंय, म्हटलं, तुझ्यासाठी.
तो खिडकीजवळ गेला. तिथं वारंही येतं.

मग महिनाभर मोजत राहिले,
कुणाचे कोअर किती, किती फुटले, किती परत आले.
वही सरांपुढे ठेवली.
न्याय वगैरे म्हटलं नाही,
आकडे आहेत म्हटलं.
त्यांनी पेन टेबलावर वाजवलं. बराच वेळ.
बघू.

हे "बघू" पाच महिने चाललं.
दर एक तारखेला मी वही घेऊन उभी.
सहाव्या महिन्यात नागव्वाच्या आणि जैबुनच्या पुढे
माझ्याच अक्षरात लिहिलं, ऑपरेटर.
हात थोडा कापला, "ऑ"चा चंद्र वाकडा पडला.
मंजुळाचं पुढच्या खेपेला, म्हणतात.

आणि शेवंता मुतगेकर.
तिचं नाव वर आलं नाही, कारण ते माझ्याकडे नाहीच.
ती ठेकेदाराच्या वहीत आहे.
टेबल तिच्यासाठीही खाली आलंय.
पगार अजून वरच्या फळीवर.

माझ्या आधी इथं बसायचे ते टाइमकीपर होते.
मी टाइमकीपर असिस्टंट.
टाइमकीपर कोण, हे विचारायचं राहून गेलंय.

टेबलाचे पाय कापले त्याचे चार तुकडे उरले.
एक मस्टरवर ठेवते, पंख्यानं पानं उडतात.
एक बायकांच्या संडासात, दाराला आतून लावायला,
कडी मंजूर झालीय, आलेली नाही.
एक बसाप्पानं भंगारात घातला.
चौथा माझ्या पिशवीत आहे, डब्याच्या शेजारी.

ठेकेदार शनिवारी येतो.