एक घनफूट हवेत

एमलिनच्या वहीत तारीख, वार नीट,
बाकी सगळी शून्यं.
०.००३५ ग्रेन, दर घनफुटाला.
०.००३१. पुन्हा ०.००३५.
पेन्सिलीने काढलेली, एका मापाची,
मांडून ठेवलेल्या रिकाम्या बश्यांसारखी.

ऱ्होंडा खोऱ्यातली ती खाण बुजवून तीस वर्षं झाली.
वर गवत आहे, मेंढ्या आहेत,
आणि मेरेरिडच्या स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्याला टेकून,
कचेरीचा फॉर्म:
धुळीचं प्रमाण लिहा. मिलिग्रॅम, दर घनमीटरला.
चौकोन एकच.

ग्रेन म्हणजे जवाचा दाणा,
कुणा राजाच्या काळी कणसाच्या मधोमधून खुडलेला.
आपल्या सोनाराकडे गुंज असते, लाल, काळ्या डोळ्याची;
तिच्या निम्म्याहून जरासा जड.
त्या दाण्याचे हजार तुकडे करा.
साडेतीन तुकडे घ्या.
माणसाचं डोकं टोपीसकट मावेल
एवढ्या खोक्यात उधळून द्या.
दिसतात?
नाही ना. तेच तर.

पहिल्यांदा तिने चुकून भागलं.
कॅल्क्युलेटरवर शून्यामागून शून्य आलं,
धूळ निघून गेली, खोरं धुतल्यासारखं झालं,
सगळे म्हातारे एका झटक्यात बरे झाले.
मग कपाळावर हात मारून तिने गुणलं:
एका ग्रेनचे जवळजवळ पासष्ट मिलिग्रॅम,
एका घनमीटरात पस्तीस घनफूट आणि वर थोडे,
म्हणून दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी.
उत्तर आलं
आठ.

नुसतं आठ. पुढे शून्यांची पलटण नाही,
आडपडदा नाही.
घरात येऊन, खुर्ची ओढून,
समोर बसलेलं.

तिने ते शेजारच्या ग्विलिम प्रॉसरला वाचून दाखवलं.
नाकात नळी. अठ्ठावीस वर्षं खाली.
एका पाळीत माणूस ओढतो साधारण दहा घनमीटर हवा,
म्हणजे ऐंशी मिलिग्रॅम. गुंजभरही नाही.
पण पाळ्या साडेसहा हजार.
"पौंडात सांग," तो म्हणाला,
"ते मिलिग्रॅम मला कळत नाहीत."
एक पौंड. वर दोन औंस.
उच्छ्वासाबरोबर त्यातलं परत किती गेलं
ते कुणी मोजलेलं नाही.
तो बराच वेळ नळीचा आवाज ऐकत बसला.
"एवढंच?" म्हणाला.
"मला वाटलं होतं, जास्त असेल."

रात्री, मार्च अडुसष्टच्या पानावर,
दिवा तिरपा धरला तेव्हा
तिनाच्या खाली आठ दिसला.
रबराने खोडलेला, जपून, कागद न फाडता.
वरचा तीन एमलिनचाच,
तो असाच काढायचा, सपाट डोक्याचा.
०.००८५.
पुढच्या पानावरही.
त्याच्या पुढच्याही.

बाप होता तिचा.
रविवारी चॅपेलात खर्जात गायचा.
दुकानदाराने चुकून दोन पेनी जास्त दिल्या
तर पावसात तेवढ्यासाठी चढ चढून परत जायचा.

तिने पुन्हा तोच गुणक लावला.
साडेएकोणीसला किंचित कमी.
कुठला आकडा खरा, हे गुणक विचारत नाही;
खोट्यालाही तितक्याच पटीने
मोठा करतो.

वहीच्या शिवणीत अजून रबराचा चुरा होता,
काळा, खसखशीहून बारीक.
सवयीने ती फुंकर मारायला वाकली,
आणि तशीच थांबली,
श्वास छातीत धरून.