थाळीभर पाणी

बिजासनचा घाट उतरताना ब्रेकचा वास आला
तेव्हाच सुपडू गप्प झाला.
शिरपूर मागे पडलं. चोपड्याच्या रस्त्याला लागलो.
दोन्ही बाजूंनी केळीची पानं फाटून लोंबत होती.
अनेरच्या पुलाअलीकडे त्याने जीप कडेला घेतली,
मागचं आमचं पत्र्याचं घर
एकदा डुललं आणि उभं राहिलं.

घर नऊ किलोमीटरवर.
दिवस अजून मावळायचा होता.
मी काही विचारायच्या आत म्हणाला,
‘आज अठेच र्‍हाऊत. सकाय जाऊत.’

अकरा महिने झाले.
धुळ्याच्या एका गॅरेजात जुन्या दूधगाडीचा पेटारा घेतला होता,
बारा फूट बाय सहा.
चोपडा डेपोत तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवा झालेला माणूस
पहिल्यांदा स्वतःच्या गाडीखाली शिरला.
भंगारातली एस्टीची खिडकी त्याने पलंगावर बसवली,
लाल अक्षरांसकट:
संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.
ओरिसात आमचं भांडण झालं, तीन दिवस अबोला,
तेव्हा मी तीच ओळ वाचत पडून असायचे.
पाठ फिरवली तरी गुडघे लागतात,
एवढ्याशा जागेत राग ठेवायचा कुठे?
फळीवर आधीच कळण्याचं पीठ, बिबड्या,
त्याच्या पान्यांची पिशवी.

मुक्कामाला पोचलं की रोज
मी पितळी थाळीत दोन बोटं पाणी ओतून जमिनीवर ठेवायचे.
तो ओणवा होऊन बघायचा
पाणी कुठल्या काठाला जमतंय,
मग जॅक लावून त्या चाकाखाली वीट सरकवायचा.
चार विटा होत्या, आमच्या न्हाणीच्या कट्ट्यातून काढलेल्या.
धनुषकोडीच्या वाळूत त्या बुडाल्या.
बोमडिलात थाळीतलं पाणी सकाळी काचेसारखं निघालं.
एक चिलिकाजवळ फुटली,
तिच्या जागी एका कोळणीने दिलेला दगड आहे.
एवढा देश फिरलो,
सरळ जमीन कुठेच भेटली नाही.
हे कुणी आधी सांगितलं असतं
तर मी निघालेच नसते,
किंवा लवकर निघाले असते.

आज ऊन कललं तरी पत्रा हात लावू देत नव्हता.
आत दुधाचा जुना वास सुटला,
तापलं की अजून सुटतो.
शेवभाजी केली, तिखटाचा हात सैल सोडून.
पलीकडे केळीचा ट्रक भरत होता,
हमालांचा शब्द न् शब्द
मनात उलटवून न बघता आत येत होता.

लेकीचा फोन आला. पोचलात का?
‘हां, पोचनूत,’ सुपडू म्हणाला.
मी त्याच्याकडे बघितलं.
तो भाकरी मोडत होता.

रात्री थाळी ठेवली.
पाणी माझ्या बाजूला सरकलं, म्हणजे गावाकडे.
तो वीट घ्यायला उठला, मी म्हटलं राहू दे,
एक रात्र उतारावर झोपलो तर काय घसरून जाऊ?
तो खरंच घसरत माझ्यावर आला, दोनदा,
आणि अंधारात हसला,
हे मला पलंगाच्या थरथरण्यावरून कळलं.

एकतीस वर्षं ज्या घरात राहिलो
त्याची जमीन कुणीकडे कलते
ते आम्ही कधी बघितलं नाही.
सांडलेलं तेल दर वेळी दारापाशीच का जायचं?
मी पुसून टाकत गेले.

उद्या कुलूप काढल्यावर
आधी केरसुणी घेणार नाही, देवापुढे दिवाही नंतर.
मधल्या खोलीत थाळी ठेवीन.
त्याला हे सांगितलेलं नाही.
झोपण्याआधी विटा मात्र
बाहेर न सोडता पायाशी घेतल्या,
दगडासकट.