काचेची मागची बाजू

सही आधी करायची, दियारा,
आणि तीही उलटी.
मग डोळ्यातली बाहुली, मग पापणी,
मग गाल, मग डोक्यावरचा रुमाल.
आकाश सगळ्यात शेवटी.
काच फिरवलीस की जे पहिलं केलंस
तेच पुढे येऊन उभं राहतं.
वरून झाकायची सोय नाही.

तू विचारलंस, यावर पोट भरतं का?
एकदम नाही भरत.

पहिली सात वर्षं मी पहाटे
गेट-न्दारच्या किनाऱ्यावर मासळी मोजायला जायचे.
दुपारी त्याच बोटांनी शाईची बारीक रेघ.
काचेलाही खवल्यांचा वास यायचा.
काका म्हणायचे, कलावंतानं दुसरं काम धरू नये.
काकांचा भात कुठून यायचा
ते काकूला विचार.

मग पुलापलीकडच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं:
दोनशे होड्या हव्यात, निळ्या,
प्रत्येक खोलीत दोन.
मी नाही म्हटलं.
घरी येऊन गळका पत्रा पाहिला
आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणून आले.
एकशे चौदाव्या होडीपाशी
मला निळ्याची शिसारी आली.
म्हणून एका नावाड्याच्या हातात छत्री दिली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
पुढच्या होडीत बकरी बसवली.
सदतीस नंबरच्या खोलीतल्या बाई
जिना उतरून विचारत आल्या,
ही बकरी निघाली कुठे?
त्या अजून दर वर्षी एक काच मागवतात.
तेव्हा हो म्हणावं की नाही, मला विचारू नकोस.
होडीत बकरीपुरती जागा ठेवावी,
एवढंच मला कळलंय.

वही ठेव. शाळेची, चौकटीची चालेल.
डावीकडे रंग, पुठ्ठा, चिकटपट्टी, तांदूळ.
तांदूळही लिही.
मी बरीच वर्षं लिहायचे नाही,
आणि चित्रं स्वस्तात पडतात
असं समजायचे.

आमची अकरा जणींची भिशी आहे.
माझी पाळी आली तेव्हा
पाडलेल्या शाळेच्या खिडक्यांची काच घेतली, गाडाभर.
बिन्ता म्हणाली, बाई, मेंढी घ्यायचीस,
निदान पिल्लं तरी झाली असती.
त्या काचेवर मी पावणेदोन वर्षं काढली.
काही तुकड्यांना अजून खडूची धूळ होती,
कोपऱ्यात कुणीतरी नखानं कोरलेलं नाव.
ते मी पुसलं नाही.
त्याच्याच शेजारी माझं लिहिलं.

किंमत सांगताना खाली बघू नकोस.
मी बघायचे. चपलेकडे बघत बोलायचे,
आणि चपलेएवढीच मिळायची.

वाळवंटाकडचा वारा सुटला की ओला रंग धूळ धरतो.
ते दोन महिने ब्रश उचलायचा नाही.
चौकटी ठोकायच्या, थकलेल्यांना निरोप धाडायचे,
कुणाचं बारसं असेल तर जाऊन यायचं.
पूर्वी ते दिवस मी भिंतीकडे तोंड करून घालवले.
वाटायचं, आटलं आपल्यातलं.
आटलं काही नव्हतं.
वारा होता. दर वर्षी असतो.

आणि हो, फुटतंही.
एकोणीस दिवसांचं काम
डाकारच्या बसमध्ये कुणाच्यातरी पायाखाली गेलं.
त्याला काय सांगू तुला?
रडले. मग वहीत लिहिलं.
डावीकडे.

आता डाव्या डोळ्याला पापणीची रेघ दिसत नाही,
तिथे उजवा कामाला लावलाय.
तू आलीस ते बरं झालं.

हा घे तुकडा, कड घासलेली आहे.
नाव कोणतं लिहायचं ते आज रात्री ठरव:
बापाचं, आजीचं, की नुसतं दियारा.
उलटं लिहिताना पहिले काही दिवस
ते तुझं वाटणारच नाही.

उद्या ये. चार काचांची आकाशं भरायची आहेत.
एका आकाशाचे तीनशे फ्रँक देते,
जेवण वेगळं.
आणि घरी कुणी विचारलं,
तर शिकायला जाते म्हणू नकोस.
कामाला जाते म्हण.