माफी

त्या रात्री टाउन हॉलमध्ये कौन्सिलचे सात जण,
आठवा मी, इतिवृत्त लिहायला.
बाहेर इंडियानाचा कोरडा बर्फ.
कंपनीच्या माणसाने नकाशा उलगडला,
कोपऱ्यांवर आमचेच कॉफीचे मग ठेवले.
ऐंशी एकर. दोनशे दहा नोकऱ्या.
पंधरा वर्षं मालमत्ता कर माफ.

वर्ना स्टकीने विचारलं, शाळेच्या बसचं काय?
तो हसला. छान हसायचा.
मग एकेकाने हात वर केले,
शेवटी वर्नानेही.
मी लिहिलं: मंजूर.

रस्ता झाला, गटारं झाली,
लालभडक अकरा हायड्रंट उभे राहिले.
कारखाना आला नाही.
शेजारच्या काउंटीने वीस वर्षं दिली म्हणे.

आता लॉयल पिकरेल तिथे गवत कापतो,
कंपनीच्याच सांगण्यावरून.
गवत उभं आहे तोवर
कागदोपत्री ते शेत, आणि करही शेताचा.
हायड्रंट आला की तो ट्रॅक्टर वळवतो,
वाटेत कुणी झोपलं असावं तसा.
रात्री बावीस दिवे लागतात,
बिल गावाच्या नावावर.
उजेडात हरणं चरतात.

यंदा बस गिरणीच्या फाट्यापर्यंतच.
पुढचे दोन मैल वर्नाची नात चालते
पहाटेच्या अंधारात, त्या दिव्यांखालून.
"चला, निदान उजेड तरी आहे,"
वर्ना परवाच्या बैठकीत म्हणाली,
कुणाकडेही न बघता.

तेही मी लिहून घेतलं.
कुठल्या विषयाखाली घालावं, सुचेना.