वजनावर

भद्रकालीतल्या भंगारवाल्यानं
घागर काट्यावर ठेवली. तीन किलो दोनशे.
मी काठाखाली बोट फिरवलं.
एक ठोका तिरका.
प्रणित झाला त्या दिवशीचा, हात घाईत होता.

विकत घेतली. माझीच.
भंगारात घडणावळ कोणी धरत नाही.

तांबट आळीत आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो,
हातोड्यांनी कान नेलेत.
रात्री तो फोनवर काय पुटपुटायचा
मला ऐकूच आलं नाही.
हिला आलं होतं. म्हणाली, मित्र असेल.

आधी गोळ्या. बटन म्हणतात म्हणे.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मी खुळ्यासारखी त्याच्या शर्टाची बटनं मोजली होती.
मग पांढरी पूड.
मग समया, परात, हंडा.
हिच्या बांगड्या नाही चोरल्या त्यानं,
त्या हिनंच काढून दिल्या,
तो फरशीवर डोकं आपटत होता तेव्हा.

सिव्हिलमधला डॉक्टर म्हणाला,
आजार आहे हा काका, मारून जात नाही.

ठोकून ठोकून तांबं कडक होतं,
मग ते भट्टीत घालून मऊ करायचं असतं.
तसंच मारत राहिलं तर चिरतं.
पन्नास वर्षं ठाऊक आहे मला हे.
तरी मारलं.

रविवारी मखमलाबाद रोडच्या केंद्रात गेलो.
चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला,
तरी बशीत सांडला.
घागर कितीला सोडवली, विचारलं.
मी आकडा सांगितला.
"मला निम्मेच दिले होते त्यानं,"
म्हणाला, आणि हसला.
मीही हसलो.
हिनं दोघांकडे पाहिलं नाही,
पदरानं बशी पुसत राहिली.