वाटोळं

व्हर्ना हार्टविगच्या मागच्या अंगणात
फावडं मारलं की शिंपला लागतो,
आणि प्रत्येक शिंपल्याला भोकं,
तीन, चार, एकाला तर सात.
वाटीनं पुऱ्या पाडून घ्याव्यात
आणि उरलेली पोळी भिरकावून द्यावी, तसे.

तिचा आजा ओटो मिसिसिपीतून
होडी भरभरून शिंपले काढायचा.
एका साली मोती निघाला, हरभऱ्याएवढा.
शिकागोचा व्यापारी गाडीतून उतरला
तो टोपी हातात घेऊनच.
ओटोनं घर बांधलं. पियानो आणला.
वाजवणारं घरात कुणी नव्हतं.

गावभर यंत्रं घरघरायची,
पोरींच्या वेण्यांवर पांढरी भुकटी,
देशातल्या निम्म्या सदऱ्यांना
आम्हीच बांधून ठेवलंय, असं म्हणायचे.

मग प्लॅस्टिक आलं. मग झिप.
नदीही तोवर खरवडून झाली होती.
पियानो एका दंतवैद्यानं नेला,
घासाघीस न करता.
ओटोला तेच जास्त लागलं.

गावाचं वाटोळं झालं, म्हणतात.
पण गाव पहिल्यापासून
वाटोळंच तर विकत होतं, चार छिद्रांचं.
बटणं गेली बोस्टनला, न्यूयॉर्कला,
कुणाकुणाच्या छातीवर.
भोकं इथंच राहिली,
ती यांनी रस्त्यात भराव म्हणून घातली.

व्हर्ना पेट्रोल पंपावर रात्रपाळी करते.
कोटाचं वरचं बटण तुटलंय, तिथं सेफ्टी पिन.
दर शुक्रवारी लॉटरीचं एक तिकीट, एकच.
लागलं तर? मी विचारलं.
"पियानो."
शिकशील?
"छे. नुसता ठेवीन."